फाइल मॅडमची, क्लायंट साहेबांचा

भारतात हिशेबतपासनीस झालेल्या पहिल्या स्त्री म्हणजे आर. शिवभोगम. १९३३ साली मद्रासमध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना तुरुंगवास घडला होता आणि शिक्षा भोगलेल्यांची लेखापाल म्हणून नोंदणी न करण्याचा नियम आडवा आला. त्या कोर्टात गेल्या, जिंकल्या आणि १९३७ मध्ये स्वतःची प्रॅक्टिस थाटली. चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था त्यानंतर बारा वर्षांनी, १ जुलै १९४९ रोजी, स्थापन झाली. या धंद्यातली पहिली बाई मालकीण होती. नंतरच्या पिढ्या मात्र बहुतांशी दुसऱ्याच्या फर्ममध्ये खुर्ची शोधत राहिल्या.

१९८५ पासून मोठ्या उलाढालीच्या धंद्यांना आयकरासाठी ऑडिट सक्तीचं झालं आणि पेठापेठांतल्या सीए ऑफिसांत माणसं कमी पडू लागली. मुली आर्टिकलशिपला येऊ लागल्या. व्हाउचर तपासणं, बँकेचा मेळ घालणं, ताळेबंद जुळवणं यांत त्या पक्क्या तयार झाल्या. पण क्लायंट भेटायला आला की साहेबांच्या केबिनमध्ये जायचा, आणि मॅडम बाहेरून फाइल आत पाठवायच्या. पुढे प्रॅक्टिस काढायची म्हटलं, तर हिशेब सगळे येत होते, ओळखी मात्र साहेबांकडेच राहिल्या होत्या. सीएला जाहिरात करायला आचारसंहितेची आडकाठी, त्यामुळे काम मिळायचं ते तोंडोतोंडी. संध्याकाळी क्लबात किंवा व्यापारी संघटनेच्या बैठकीत ओळखी होत, त्या वेळी मॅडम घरी कुकर लावत असत.

मग बऱ्याच फर्मनी एक मधला प्रकार रूढ केला: रिटेनर. नेमणूक व्यावसायिक म्हणून, त्यामुळे पगाराच्या कलमाऐवजी १९४-जे खाली दहा टक्के टीडीएस. फॉर्म १६ बंद, १६-ए सुरू. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची भरपगारी रजा नाही; सकाळी दहाची हजेरी मात्र होती तशीच. कागदावर स्वतंत्र आणि कामावर नोकर, अशा अवस्थेत कित्येकींची दहा-दहा वर्षं गेली. ‘लवचीक वेळ’ म्हणून याचं कौतुकही झालं. मला ते कौतुक कधी पटलं नाही.

खरा फरक पडला तो संगणकाने आणि कायद्यांनी. टॅली गल्लोगल्लीच्या दुकानांत पोचलं, २००५ मध्ये महाराष्ट्रात व्हॅट आला, २००६ पासून कंपन्यांची विवरणपत्रं ऑनलाइन भरणं सक्तीचं झालं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जो दुकानदार वर्षातून एकदा हिशेबाची पिशवी आणून द्यायचा, त्याला दर महिन्याला कोणीतरी लागू लागलं. सीए नसलेल्या, नुसत्या बी.कॉम. झालेल्या बायकांनाही जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीची वाट खुली झाली. बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ऑफिसं सुरू झाली. शतक बदलताना सीए संस्थेच्या सदस्यांत बायका साधारण आठ टक्के होत्या, आता तीसच्या आसपास आहेत.

नोकरी सुटली, पण नोकरीची सवय सुटायला फार वेळ लागला. ती दिसते फी सांगताना. “ताई, घरचंच काम आहे, बघा काहीतरी,” असं क्लायंट म्हणतो आणि ताई खरंच बघतात. धरून चाला, वीस दुकानदार, प्रत्येकी महिना दीड हजार, म्हणजे तीस हजार जमा. मदतनीस मुलीचे बारा हजार, सॉफ्टवेअर, इंटरनेट, प्रिंटर मिळून चार हजार. उरले चौदा हजार, तेही सगळ्यांनी वेळेवर दिले तर. अकरा तारखेला जीएसटीआर-१, वीसला ३-बी, आणि एकोणिसाच्या रात्री अकरा वाजता व्हॉट्सॅपवर बिलांचे तिरके फोटो. हीच बाई पस्तीस हजारांची नोकरी सोडून आलेली असते. क्लायंटच्या येणेबाकीची यादी वयानुसार लावून देणारीची स्वतःची वसुली वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली असते!

ज्या टिकल्या, वाढल्या, त्यांनी काय केलं ते पाहिलं तर त्यात धाडस वगैरे फार नव्हतं. काम घेताना नियुक्तिपत्र दिलं, त्यात कामाची व्याप्ती लिहिली. नोटिशीचं उत्तर द्यायचं तर त्याची फी वेगळी. कागद देण्याची तारीख ठरवली आणि ती चुकवणाऱ्यावर जादा आकार लावला. दोन-चार क्लायंट गेले, जाऊ दिले. सगळ्यांत जड गेलं ते हातातलं काम दुसरीला देणं. एंट्री स्वतः तपासल्याशिवाय झोप न येणारी बाई उत्तम अकाउंटंट असते, पण तिचं ऑफिस तिच्या दोन हातांपुढे जात नाही. ज्यांनी तपासणीची यादी लिहून काढली, मुली तयार केल्या आणि स्वतः क्लायंटसमोर बसल्या, त्यांचं ऑफिस बेडरूममधून बाहेर आलं.

प्रॅक्टिस करणाऱ्या बायकांना एवढंच सांगणं आहे. येत्या एप्रिलला फी ठरवाल, तेव्हा खर्चाच्या यादीत पहिली ओळ स्वतःच्या पगाराची घाला, बाहेर नोकरीत मिळाला असता तेवढा. एकल मालकीत आयकर त्याची वजावट देत नाही, पण फी ठरवताना तो धरायला कोणत्याही कलमाची मनाई नाही.