वादळानंतरचें आगर

दांपत्यप्रेमाचीं वर्णनें काव्यनाटकांत पुष्कळ आढळतात. परंतु त्या प्रेमाची खरी कसोटी पाहावयाची असेल तर वादळानें उद्ध्वस्त झालेल्या एखाद्या आगरांत जावें, असें आम्हांस वाटतें.

ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर या बाजूस, तसेंच रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली व मंडणगड या तालुक्यांसहि त्याचा तडाखा बसला. कौलें उडालीं, विजेचे खांब आडवे झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेलीं माड-पोफळींचीं आगरें कांहीं तासांत भुईस मिळालीं. त्यांत कोरोनाच्या साथीचा काळ. जिल्ह्याबाहेर जावयास परवाना लागे. त्यामुळें मुंबई-पुण्याच्या मुलांस आईबापांकडे धांवून येणेंहि दुष्कर झालें होतें.

भाताचें शेत बुडालें तर पुढील पावसाळ्यांत पुन्हां उभें राहतें. पोफळीचें तसें नाहीं. निवडक सुपारी रुजत घालावी, रोप वर्षदीड वर्षाचें झालें म्हणजे जागेवर लावावें, आणि पुढें पांचसहा वर्षें आळ्यांत पाणी घालीत वाट पाहावी. तेव्हां कोठें पहिला घोस दिसतो. भरपूर उत्पन्नास दहा वर्षें सहज लागतात. शिवाय पोफळ एकटी पडत नाहीं. तिच्यावर चढविलेला मिरवेल तिच्याबरोबरच खालीं येतो, आणि तिच्या सावलींत वाढणारें जायफळहि उघडें पडतें.

जीं झाडें वांचतात त्यांचेंहि संकट टळलेलें नसतें. पश्चिमेकडील तिरप्या उन्हानें पोफळीचा बुंधा भाजतो, त्यास भेगा पडतात, आणि पुढें साध्या वाऱ्यानेंहि असें झाड मोडतें. एरवीं ती बाजू शेजारच्या झाडांनीं झांकलेली असते. शेजार गेला कीं उन्हाचा मारा सुरू होतो. म्हणून जाणते बागाईतदार उरलेल्या बुंध्यांस झावळ्या बांधतात आणि नव्या रोपांस केळीची सावली देतात.

अशा एका घरचें दांपत्य आमच्या परिचयाचें आहे. दोघेंहि सत्तरीच्या घरांत. आगर पडल्यावर यजमान कित्येक दिवस ओटीवर नुसते बसून असत. ‘आतां लावावयाचें तें कोणासाठीं?’ एवढेंच त्यांच्या तोंडून निघे. मुलांचा निरोप आला, ‘जागा विकून टाका आणि आमच्याकडे या.’ तोहि मायेपोटींच होता. बाईंनीं कोणाशींच वाद घातला नाहीं. मोडक्या झावळ्यांखालीं आपोआप उगवलेलीं वीसपंचवीस रोपें त्यांनीं शोधून काढलीं, विहिरीजवळ ओळीनें लावलीं, आणि संध्याकाळीं दिवेलागणीनंतर इतकेंच म्हणाल्या, ‘अहो, एवढ्यांना सावली हवी. केळीचे मुनवे काढून देतां का?’ दुसऱ्या दिवशीं यजमानांनीं कुदळ हातीं घेतली. वर्ष पुरतें लोटलें नाहीं तोंच मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गेलें व त्यांतील कांहीं केळी आडव्या झाल्या. दोघांनीं त्या पुन्हां लावल्या.

या प्रसंगांत प्रेमाचा एक शब्दहि उच्चारला गेला नाहीं. तथापि खचलेल्या सहचराला उपदेश न करितां त्याच्या हातास काम देणें, आणि तें काम आपल्याला एकटीला जमणार नाहीं असें दाखवून त्याचा मान राखणें, याहून सूक्ष्म प्रेम तें कोणतें? भवभूतीनें ज्या दांपत्यस्नेहाची थोरवी गाइली तो काळानें मुरलेलाच होता.

परंतु दोन वृद्ध जीवांच्या स्नेहावर सारा भार टाकून बाकीच्या कुटुंबानें स्वस्थ बसावें, हें बरें नव्हे. सरकारनें त्या वेळीं फळबागांसाठीं हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत ठरविली. पण कोंकणांतील आगर हेक्टरांनीं नव्हे, गुंठ्यांनीं मोजतात. एका हेक्टरांत सुमारें ९९ गुंठे. त्या मापानें दहा गुंठ्यांच्या धन्याच्या वांट्यास पांच हजारच येतात. पुढें झाडामागें मदत देण्याचें ठरलें, तें योग्यच झालें. तरीहि सातबाऱ्यावर चारपांच चुलत भावंडांचीं नांवें असलीं, कीं संमतीपत्रांवांचून गाडें अडून बसतें. कोणी नागपुरास, कोणी परदेशीं. एका सहीसाठीं महिने जातात, आणि तेवढ्यांत लागवडीचा पावसाळा निघून जातो.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं नांवें अशा सामाईक सातबाऱ्यांवर असतील. त्यांनीं सही वेळेवर धाडावी, विक्रीची गोष्ट काढण्याची घाई करूं नये, आणि येत्या पावसाळ्यांत मुलांबाळांसह एकदां तरी गांवीं जाऊन एक खड्डा स्वतःच्या हातानें खणावा. त्यांत लावलेल्या पोफळीची सुपारी कोणाच्या पानांत पडेल, हा हिशेब आपल्या आजोबा-पणजोबांनीं कधीं मांडला नव्हता.