कायद्यानें सज्ञान झालेलीं मुलें आणि त्यांची पुंजी

‘सज्ञान’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ ज्ञानानें युक्त असा आहे. परंतु कायद्याला त्या अर्थाशीं कर्तव्य नाहीं. १८७५ च्या सज्ञानता कायद्याप्रमाणें वयाचीं १८ वर्षें पुरीं झालीं कीं मनुष्य सज्ञान झाला. बहुतेक घरांत ह्या दोन अर्थांमधील अंतर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. मात्र ज्या मुलांस पूर्वीं मतिमंद म्हणत व ज्यांस आतां कायदा बौद्धिक अक्षमता असलेलीं म्हणतो, त्यांच्या आईबापांस तें एके दिवशीं अकस्मात् कळतें, आणि कळतें तें बहुधा बँकेच्या खिडकीपाशीं.

अज्ञान मुलाच्या नांवाचें खातें पालकाच्या सहीनें चालतें. आईबापांचें हें नैसर्गिक पालकत्व १९५६ च्या कायद्यानें मान्य केलें आहे, पण तें मूल अज्ञान असेतोंपर्यंतच. अठरावें वर्ष पुरें झालें कीं बँक पालकाची सही बंद करते आणि खातेदाराची स्वतःची सही व सूचना नव्यानें मागते. आतां १८७२ चा करारविषयक कायदा असें सांगतो कीं, करार करणाऱ्यास आपण काय करीत आहों हें समजलें पाहिजे व त्यांत आपलें हित कीं अहित ह्याचा विवेक करतां आला पाहिजे. ज्यास शंभर रुपये व हजार रुपये ह्यांतला भेद उमगत नाहीं, त्याची सही घेऊन बँकेनें काय करावें? बापाची सही चालत नाहीं, कारण मुलगा सज्ञान. मुलाची चालत नाहीं, कारण तो असमर्थ. पैसा मुलाचा खरा, पण त्याच्या उपयोगीं पडत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांवर हा प्रसंग आला. त्यांचा धाकटा मुलगा डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. आजीनें बारशाला दिलेल्या रकमेंत हे दर दिवाळीस कांहीं भर घालीत आणि मुलाच्या नांवें मुदत ठेव करीत. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर चार महिन्यांनीं ठेवीची मुदत संपली. त्याच सुमारास त्याच्या दांतांचें दुखणें वाढलें. अशा कित्येक मुलांचे खुर्चीत बसवून दांत काढतां येत नाहींत. पुरी भूल द्यावी लागते, आणि तिचा खर्च दांतांच्या खर्चाहून मोठा असतो. गृहस्थ पावती घेऊन बँकेंत गेले. तेथील व्यवस्थापकांनीं त्यांस बसवून घेतलें, पाणी दिलें आणि पैसे देतां येत नाहींत असें सांगितलें. घरीं आल्यावर एका आप्तानें सल्ला दिला, “घरींच अंगठा उठवून न्या, कोण पाहतो!” ह्यांनीं तें केलें नाहीं. खर्च उसनवारीवर भागविला.

नंतर ते आम्हांस म्हणाले, “मास्तर, अठरा वर्षें ह्याला घास भरवला, तेव्हां कोणीं दाखला मागितला नाहीं. आतां ह्याच्याच पैशाला मी परका कसा?”

ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं. पण बँकेस दोष देऊन तें मिळणार नाहीं, असें आमचें मत आहे. व्यवस्थापकांपुढें बसलेला बाप सज्जन होता हें आम्हांस ठाऊक. व्यवस्थापकांस कसें ठाऊक असावें? त्याच खुर्चीत उद्यां एखादा काका येईल आणि पुतण्याचा उठवलेला अंगठा दाखवून ठेव मोडून नेईल. जें दार बापाला अडवतें तेंच काकालाहि अडवतें, हें विसरतां येत नाहीं. तसा अंगठा उठवणें ही, हेतु कितीहि चांगला असला तरी, फसवणूकच होय.

आमच्या जुन्या धर्मशास्त्रकारांनीं ह्या विषयाचा विचार केला होता. मनु व याज्ञवल्क्य ह्यांनीं जड, उन्मत्त, जन्मांध इत्यादिकांस दायभाग नाकारला, मात्र त्यांचें आजन्म पोषण करणें भाग घेणाऱ्यांवर बंधनकारक केलें. अन्नवस्त्र द्यावें, मालकी देऊं नये, असा तो निवाडा. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें रोग किंवा व्यंग ह्यांमुळें कोणाचाहि वारसा जात नाहीं असें स्पष्ट केलें, आणि तें योग्यच झालें. कौटिल्य म्हणतो कीं, मुलाचें द्रव्य तो व्यवहारास योग्य होईपर्यंत गांवच्या वृद्धांनीं वाढवावें. तेथें शब्द आहे ‘प्राप्तव्यवहार’, म्हणजे ज्यास व्यवहार प्राप्त झाला तो. वयाची मर्यादा त्यांनींहि धरलीच आहे. तरी ‘सज्ञान’पेक्षां हा शब्द आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो.

गांवच्या वृद्धांचें काम आज जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती करते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता ह्या चार अवस्थांतील व्यक्तींसाठीं संसदेनें १९९९ सालीं राष्ट्रीय न्यास कायदा केला. त्यान्वयें नेमलेल्या ह्या समितींत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधि आणि स्वतः अपंगत्व असलेली एक व्यक्ति असते. मूल अठरा वर्षांचें झाल्यावर आईबापांनीं किंवा नातेवाइकानें समितीकडे अर्ज करावयाचा. समिती पालकाची गरज आहे कीं नाहीं व असल्यास कोणत्या कामापुरती, हें पाहून कायदेशीर पालक नेमते. हा पालकत्वाचा दाखला खातें उघडण्यास व चालविण्यास ग्राह्य धरावा, असें रिझर्व्ह बँकेनें २००७ सालींच बँकांस कळविलें आहे. एखाद्या शाखेंत न्यायालयाच्या हुकुमाचा आग्रह झाला, तर ह्या परिपत्रकाचा उल्लेख नम्रपणें करावा. आमच्या त्या गृहस्थांस ह्याची गांठच कोणीं घालून दिली नव्हती.

पालक झालेल्यावर कायद्यानें ओझेंहि घातलें आहे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची व देण्याघेण्याची यादी सादर करावी लागते, आणि पुढें दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. मुलास छळणारा, टाकून देणारा किंवा त्याचा पैसा खाणारा पालक समितीस दूर करतां येतो. कित्येक आईबापांस हा हिशेब अपमानास्पद वाटतो. आम्हांस वाटत नाहीं. शाळेच्या शिल्लक निधीचा हिशेब आम्हीं वर्षानुवर्षें दिला, आणि त्यामुळें आमच्या प्रामाणिकपणाला कमीपणा आल्याचें स्मरत नाहीं. समितीच्या बैठका मात्र सर्वच जिल्ह्यांत वेळेवर होत नाहींत. तेव्हां अपंगत्वाचा दाखला, जन्माचा दाखला व इतर कागद सतराव्या वर्षींच जमवून ठेवणें बरें.

तरीहि प्रत्येक अशा मुलास पालक हवाच, असें धरून चालूं नये. वर्गांत त्रैराशिक कधींच न जमलेला आमचा एक विद्यार्थी दुकानांतून सुट्टे पैसे चोख मोजून आणीत असे. अशा मुलास स्वतःचें खातें चालवूं द्यावें, लागेल तेथें मदत करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची दृष्टि हीच आहे. त्यांत मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, म्हणजे पालकानें त्या व्यक्तीशीं विचारविनिमय करून ठराविक कामापुरता व ठराविक काळापुरता निर्णय घ्यावयाचा. मनोरुग्णांची गोष्ट निराळी व अधिक कठीण आहे. राष्ट्रीय न्यास कायदा त्यांस लागू नाहीं. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यांत त्यांच्या मालमत्तेसाठीं व्यवस्थापक नेमण्याची सोय होती, ती २०१७ च्या नव्या कायद्यांत राहिली नाहीं. त्यांच्या कुटुंबांनीं वकिलाचा सल्ला घ्यावा हेंच उत्तम.

ही अडचण आपल्याच देशांतील आहे असें कोणी समजूं नये. ब्रिटनमध्यें १ सप्टेंबर २००२ ते २ जानेवारी २०११ ह्या काळांत जन्मलेल्या मुलांसाठीं सरकारनें स्वतः पैसे घालून बचत खातीं उघडून दिलीं. पैसा अठराव्या वर्षीं मुलाच्या हातीं यावयाचा. २०२० च्या सप्टेंबरांत पहिलीं खातीं मुदतीस आलीं, आणि ज्यांस व्यवहार कळत नाहीं अशा मुलांच्या आईबापांस कळून चुकलें कीं, इंग्लंड व वेल्स येथें २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याप्रमाणें ह्या पैशासाठीं खास न्यायालयाची पायरी चढावी लागते. रक्कम लहान, अर्जाचे कागद लांबलचक. लहान रकमांसाठीं सुलभ वाट काढावी कीं काय, ह्यावर सरकारनें लोकांचीं मतें मागविलीं, आणि २०२३ सालीं ती वाट न काढण्याचें ठरविलें. ज्यांनीं खातीं काढलीं त्यांनीं अशा मुलांचा विचार आधीं केला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

तो विचार घरीं आपण करूं शकतों. सर्व पुंजी मुलाच्या नांवें ठेवूं नये. आजारपणास लागणारी रक्कम आईबापांच्या स्वतःच्या नांवें असावी. मुलाच्या ठेवीची मुदत अठराव्या वाढदिवसाच्या पुढेंमागें संपेल अशी योजूं नये. भावाला नामनिर्देशित केलें म्हणजे पुढची व्यवस्था झाली, असें पुष्कळ लोक समजतात. नामनिर्देशित व्यक्ति बँकेकडून पैसे घेण्यापुरती, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणें. म्हणून मृत्युपत्र करावें, आणि रक्कम मोठी असल्यास १८८२ च्या न्यास कायद्याखालीं खासगी न्यास करून विश्वस्त नेमावे. पालक वारल्यास त्याचा अधिकार भावाबहिणींकडे आपोआप जात नाहीं. त्यांपैकीं कोणास तरी समितीकडे नवा अर्ज करावा लागतो, आणि कोणीं करावा हें आईबाप हयात असतांनाच उघडपणें बोललें पाहिजे. ह्या बोलण्याची टाळाटाळ आम्हीं फार पाहिली आहे.

केंद्र सरकारच्या नोकरींतून निवृत्त झालेल्यांसाठीं आणखी एक. कमावण्यास असमर्थ अशा अपत्यास कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळूं शकतें, आणि मानसिक अक्षमता असलेल्या अपत्याच्या वतीनें तें कोणीं घ्यावें हें निवृत्तिवेतनधारकास आधींच लिहून देतां येतें. तसें नांव दिलेलें असेल तर न्यायालयाचा पालकत्वाचा दाखला मागूं नये, असें बँकांस बजावण्यांत आलें आहे. ज्यांनीं तें नांव अद्याप दिलेलें नाहीं, त्यांनीं आपल्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत तशी नोंद आहे कीं नाहीं हें ह्याच महिन्यांत पाहून घ्यावें.