दोन वाक्यांमधील मोकळी जागा

जुन्या ग्रंथांच्या पानांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून संगणकावर वाचता व शोधता येईल असा मजकूर सिद्ध करण्याचे कार्य आता मराठीतही चालू आहे. मराठी विकिस्रोतावर मूळ पान व यंत्राने ओळखलेला मजकूर शेजारी शेजारी ठेवून कोणालाही तो तपासता येतो. हे मुद्रितशोधन करताना आपले सारे लक्ष अक्षरांवर असते. दोन वाक्यांमध्ये जी कोरी जागा असते, तिचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा मनात येत नाही. तो दिसतो तितका क्षुल्लक नाही.

आपल्या पोथ्यांत व मोडी कागदपत्रांत शब्द सलग लिहीत. विराम दाखवावयाचा तर दंड. पूर्णविराम, स्वल्पविराम इत्यादी चिन्हे मराठीत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या परिचयाने. त्याचे श्रेय सामान्यतः मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. चिन्हांबरोबर इंग्रजी छापखान्यांच्या सवयीही आल्या. वाक्य संपल्यावर शब्दांमधील जागेहून मोठी जागा सोडणे ही त्यांपैकी एक. अर्धविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह यांच्या आधी थोडी जागा सोडणे ही दुसरी.

ही जागा लेखकाने लिहिलेली नसून खिळे जुळवणाऱ्याने घातलेली असते. ओळीची उजवी कड सरळ यावी म्हणून तो कोरे खिळे कमीअधिक घालतो. त्यामुळे एकाच पानावर तीच जागा कोठे रुंद, कोठे अरुंद दिसते. म्हणून अक्षरे व जागा यांत भेद केला पाहिजे. जुन्या लेखनातील अनुच्चारित अनुस्वार हा ग्रंथाचा भाग आहे. तो जसाच्या तसा राखावा. वाक्यांमधील जादा जागा ही छापखान्याची सोय होती. ती राखण्याचे कारण नाही. वाक्यान्ती चिन्हापूर्वी जागा नको आणि चिन्हानंतर एकच जागा असावी, हा नियम पुरेसा आहे. २००० साली सुरू झालेल्या ‘डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स’ या स्वयंसेवी उपक्रमातही वाक्यांमधील जादा जागा राखीत नाहीत. शिवाय संकेतस्थळाच्या पानावर लागोपाठच्या अनेक जागा सामान्यतः एकच होऊन दिसतात.

तथापि, जागा राखावयाची नाही याचा अर्थ ती पाहावयाची नाही, असा नव्हे. झिजलेल्या खिळ्यामुळे किंवा फिकट शाईमुळे पूर्णविरामाचा ठिपका उमटलेला नसतो, वा यंत्राला तो दिसत नाही. अशा वेळी वाक्य कोठे संपले याची साक्ष ती रुंद जागाच देते. ही साक्ष त्याच ओळीतील इतर जागांशी ताडून पाहावी. छापखान्याची खरी सवय पाहावयाची असेल, तर परिच्छेदाची शेवटची ओळ पाहावी. ती ताणलेली नसते, म्हणून तेथील जागा आपल्या मूळ मापाची असते.

दंडाच्या बाबतीत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. दंड आणि काना दिसण्यात सारखे, पण संगणकाच्या लेखी ती दोन निरनिराळी चिन्हे आहेत. ओवीच्या चरणान्ती ‘सज्जन ।’ असे छापलेले असताना मधली जागा यंत्राच्या लक्षात आली नाही, तर ‘सज्जना’ असे होते. चरण संपल्याची खूण तर जातेच, शिवाय प्रथमेचे संबोधन होते. आणि ‘सज्जना’ हाही शुद्धच शब्द असल्याने चूक सहज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दंडापूर्वीची जागा राखणे हितावह. ती न तुटणारी घातली, म्हणजे दंड एकटाच पुढल्या ओळीच्या आरंभी जाऊन पडत नाही. अपूर्णविरामाचेही तसेच आहे : ‘पुढीलप्रमाणे’ या शब्दाला तो चिकटून असला की यंत्र त्याचा विसर्ग करून टाकते.

याच्या उलट, प्रत्येक ठिपका म्हणजे वाक्याचा शेवट नव्हे. ‘रा. रा.’, ‘कै.’, ‘इ. स.’ यांतील ठिपके संक्षेपाचे आहेत. ‘इ. स. १८५७’ येथे ओळ मोडून नवे वाक्य मानण्याची चूक यंत्र करते. ती माणसानेच निस्तरावयाची.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. ‘आला.तो’ असे दोन शब्द जोडले गेले, तर एखाद्या अभ्यासकाने शोधलेला शब्द त्याला सापडेलच असे नाही. ध्वनिवाचकाच्या साहाय्याने ग्रंथ ऐकणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तर वाक्य कोठे संपले हे त्या चिन्हावरूनच कळावयाचे. कागदावरचा वाचक छापखान्याची चूक डोळ्यांनी सावरून घेत असे. यापुढे हे ग्रंथ ज्यांच्या हाती जातील, त्यांच्यापैकी अनेकांसमोर मूळ पान नसेल. आपण तपासलेला मजकूर हाच त्यांचा ग्रंथ असेल. आपल्या शाळांतील वरच्या वर्गांना हे काम थोडेथोडे दिले, तर ग्रंथरक्षणाबरोबर विरामचिन्हांचा उत्तम पाठही साधेल.