ठिणगीची किंमत

बँकेत तेहतीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासले. कर्ज मागायला आलेला माणूस आपल्या धंद्याचे कितीही गुलाबी चित्र रंगवो, आम्ही आधी त्याचा ताळेबंद मागायचो. असा माणूस निवृत्तीनंतर एका खोक्यावर छापलेल्या चार ओळींना भुलला, तर त्याला काय म्हणावे? मी भुललो. निमित्त झाले आमच्या प्रीमियर पद्मिनीचे.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९८५ साली नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, चाळीसेक अश्वशक्तीची. अण्णा गेले, पद्मिनीचे उत्पादन थांबले, २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. आमची मात्र शेडमध्ये टिकून राहिली. दर पाच वर्षांनी येणारे नोंदणीचे नूतनीकरण तोंडावर आले, आणि नेमकी त्याच वेळी ती खोकू लागली. चढावर झटके, मागे काळा धूर. पीयूसीवाल्याने यंत्राकडे बघून नकारार्थी मान हलवली. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, आता पुरे. भंगारात देऊन टाका."

मी एका दुकानातून इरिडियमचे चार स्पार्क प्लग आणले. जास्त ताकद, कमी पेट्रोल, असे खोक्यावर लिहिले होते. साध्या प्लगच्या कितीतरी पट किंमत मोजली. ती घरी सांगितली नाही.

आम्हा नाशिककरांना प्लग म्हटले की मायको आठवते. १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, तरी आमच्या तोंडी चौक 'मायको सर्कल'च राहिला. गंमत म्हणजे सातपूरचा कारखाना डिझेल इंजिनांच्या नोझल-इंजेक्टरसाठी ओळखला जातो, आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागतच नाही. तिथे दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. पेट्रोलला मात्र ठिणगी हवी. बारा व्होल्टच्या बॅटरीतून कॉइल हजारो व्होल्ट उभे करते, आणि प्लगच्या टोकाशी मिलिमीटरभराहून कमी फटीत ठिणगी उडी मारते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला मिनिटाला १,५०० ठिणग्या द्याव्या लागतात.

नवे प्लग बसवले. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली! टाकी काठोकाठ भरून मी इगतपुरीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा काठोकाठ भरली. पूर्वी लिटरला अकरा किलोमीटर मिळत होते, आता सव्वाबारा. बँकवाल्याची छाती फुगली. पुढच्या रविवारी सौभाग्यवतींना घेऊन कसारा घाट उतरलो आणि चढलोही.

दोन महिन्यांत झटके परत आले. पीयूसीवाल्याची मान पुन्हा तशीच हलली. मग गेलो द्वारकेजवळच्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे. त्यांनी प्लग काढून तळहातावर मांडले. चारही काजळीने काळेभोर.

"साहेब, प्लग म्हणजे इंजिनाची जीभ," ते म्हणाले. "डॉक्टर जीभ बघतो, बदलत नाही. टोक विटकरी-तपकिरी असेल तर तब्येत ठीक. पांढरे पडले तर इंजिन तापतेय. असे कोरडे काळे म्हणजे पेट्रोल जास्त जातेय."

"पण सुरुवातीला फरक पडला होता ना?"

ते हसले. काजळी पुसून, फट नीट करून त्यांनी साधे नवे प्लग लावले. म्हणाले, "आता मारा इगतपुरी." मारली. लिटरला सव्वाबाराच! फरक इरिडियमचा नव्हता, नव्याचा होता. जुन्याशी तुलना करून मी नव्याच्या जातीला श्रेय देऊन बसलो होतो. बँकेत एखाद्या कारकुनाने असा हिशेब मांडला असता, तर मी कागद परत पाठवला असता.

इरिडियम वाईट नव्हे. हा धातू २,४०० अंशांच्याही पुढे वितळतो. त्यामुळे टोक सुईसारखे बारीक ठेवता येते, ठिणगीला कमी व्होल्ट पुरतात, झीज कमी होते, प्लग खूप काळ टिकतो. पण ताकद पेट्रोल-हवेच्या मिश्रणात असते. ठिणगी ते पेटवते, वाढवत नाही. अमेरिकेतही लोक भुललेच. दुभंगलेल्या टोकाच्या 'स्प्लिटफायर' प्लगच्या इंधनबचतीच्या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९७ मध्ये ठेवला होता.

मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला. फ्लोटची सुई झिजली होती, त्यामुळे पेट्रोल हवे त्यापेक्षा वर चढत होते. एअर फिल्टर धुळीने गच्च. दोन्हींचा मिळून खर्च माझ्या एका इरिडियम प्लगपेक्षा कमी. पुन्हा इगतपुरी केली, लिटरला चौदा! पीयूसीचा कागद हातात पडला.

नोंदणीसाठी जुनी कागदपत्रे शोधताना अण्णांची वही सापडली. दर पाच हजार किलोमीटरला एक ओळ, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: प्लग साफ केले, फट तपासली, फिल्टर झटकला. शेवटची ओळ त्यांच्या शेवटच्या आजारपणाआधीची. त्यानंतर अकरा वर्षे पाने कोरी. गाडी मी जपली, असे मी सगळ्यांना सांगत आलो होतो. जपली म्हणजे दर रविवारी पुसली.

सौभाग्यवतींनी वही वाचली आणि विचारले, "अहो, त्या चार प्लगांना किती पडले ते आतातरी सांगा."

सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पेन पुढे केले. मी तारीख घातली आणि कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहिली: प्लग साफ केले, फट तपासली, फिल्टर बदलला. अक्षर अण्णांसारखे आले नाही.