दान दिलेल्या दवाखान्याचा मालक कोण?

तुमसर तालुक्यातल्या चिखल्यात मॉइल ही कंपनी जमिनीच्या पोटातून मँगनीज काढते, ते खाणपट्ट्यावर. हा पट्टा परस्पर दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, आधी सरकारची मंजुरी लागते. धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्तांचेही तसेच आहे. इमारत त्यांच्या ताब्यात, सह्या त्यांच्या, तरी ती त्यांची नव्हे.

मग असे रुग्णालय नफ्याच्या धंद्यात न्यायचे ठरले तर? महाराष्ट्राचा 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा इथे आडवा येतो. त्याच्या कलम 36 नुसार ट्रस्टची जागा किंवा इमारत विकायला आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. इमारत 3 वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असली तरी तीच. आयुक्तांनी पाहायचे ते ट्रस्टचे हित. देणगीदार जाऊन पन्नास वर्षे झाली असली तरी त्याचा हेतू कागदावर जिवंत राहतो आणि त्याच्या वतीने प्रश्न विचारायला एक सरकारी अधिकारी नेमलेला असतो. मला ही कल्पना थक्क करते.

संस्था ट्रस्टऐवजी कंपनी कायद्याच्या कलम 8 ची ना-नफा कंपनी असेल तर नियम आणखी विलक्षण आहेत. 2014 च्या कंपनी नियमांप्रमाणे साधी कंपनी व्हायला केंद्राच्या प्रादेशिक संचालकांची मंजुरी हवी, वर्तमानपत्रात जाहीर सूचना हवी. सरकारकडून जमीन फुकट किंवा सवलतीत मिळाली असेल तर तेव्हाची किंमत आणि आजचा बाजारभाव यांतला फरक भरायला लावता येतो. साठलेल्या शिलकीतून आधी देणी फेडायची. उरेल ते गुंतवणूकदारांच्या शिक्षण व संरक्षण निधीत जाते. भागधारकांच्या खिशात त्यातले काही जात नाही!

2016 मध्ये आयकरानेही दार घट्ट केले. करसवलत घेतलेली संस्था सवलतीस अपात्र अशा रूपात गेली, तर मालमत्तेच्या बाजारमूल्यातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर कमाल दराने कर लागतो.

अमेरिकेत याचे प्रचंड रूप दिसले. कॅलिफोर्नियातली ब्लू क्रॉस ही ना-नफा आरोग्य विमा संस्था नफ्याकडे वळली, तेव्हा नियामकांनी तिची किंमत लोकांसाठीच राखायला लावली. 1996 मध्ये त्यातून दोन आरोग्य प्रतिष्ठाने उभी राहिली, 3 अब्ज डॉलरहून अधिक रकमेची. संस्था बदलली, पैसा आजाऱ्यांचाच राहिला.

आपल्याकडे रुग्णाचा हक्क रूपांतराच्या आधीपासूनच बांधलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, शिवाय बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. आणि 1950 च्या कायद्यात 'हितसंबंधी व्यक्ती' म्हणजे केवळ विश्वस्त नव्हेत, लाभार्थीही. म्हणून अशा रुग्णालयाचा सौदा निघाला, तर तिथे उपचार घेणारा चिखल्याचा खाणकामगारही धर्मादाय कार्यालयात आपली हरकत मांडू शकतो.