एक पेशी, दोन कामे

छत्रीबागेतील आमच्या मराठी घरांतली मुले विज्ञान हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात. त्यांना चपट्या कृमींविषयी सांगताना मला आधी एका शब्दाचा खुलासा करावा लागतो. हिंदी पुस्तकातील ‘कोशिका’ म्हणजे आपली ‘पेशी’. हिंदीच्या सवयीने मुलांना मात्र ‘पेशी’ म्हटले की मांसपेशी, म्हणजे आपला स्नायू, आठवतो. पुढे दोन्हींचे काम येणार आहे, म्हणून हा भेद ध्यानात असावा.

प्लॅनेरिया हा गोड्या पाण्यात दगडाखाली आढळणारा छोटासा चपटा कृमी. त्याचे तुकडे केले तर बहुतेक तुकड्यांपासून नवा, पूर्ण कृमी तयार होतो. शरीराच्या २७९व्या हिश्श्याएवढा तुकडाही पुरतो, हे थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८ मध्ये नोंदवले.

याचे कारण त्याच्या शरीरभर विखुरलेल्या मूलपेशी. मूलपेशी आपल्यातही असतात. पण अस्थिमज्जेतील रक्ताच्या मूलपेशी रक्तच घडवतात, मेंदू नव्हे. प्लॅनेरियाच्या काही मूलपेशी मात्र शरीरातील कोणतीही पेशी घडवू शकतात. किरणांच्या माऱ्याने मूलपेशी नष्ट झालेल्या, मरणाच्या वाटेवरील कृमीत अमेरिकेतील पीटर रेडियन यांच्या गटाने अशी एकच पेशी सोडली. तिच्यापासून नव्या पेशी वाढल्या आणि कृमी वाचला. हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नवे डोके कुठे आणि शेपूट कुठे, हे मात्र स्नायूंकडून येणारे संदेश सांगतात. मूलपेशी कारागीर, तर स्नायू नकाशा.

प्रजननही याच मूलपेशींवर चालते. काही प्लॅनेरिया तुटून वाढतात: शेपूट दगडाला घट्ट धरून राहते, पुढचा भाग ताणत जातो आणि एकाचे दोन होतात. काही उभयलिंगी असतात. त्यांचा जननेंद्रिये नसलेला तुकडा कापला, तरी त्यात पुढे अंडाशय आणि वृषणे तयार होतात, कारण जननपेशीही मूलपेशींपासूनच घडतात. माणसात जननपेशींची वाट गर्भातच वेगळी होते.

हे केवळ कुतूहलाचे नाही. चपट्या कृमींपैकीच शिस्टोसोमा माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात त्याचा रोग असल्याचे गाडगीळ व शहा यांनी १९५२ मध्ये दाखवले. गोगलगायींतून पाण्यात सुटलेले त्याचे डिंभ माणसाच्या त्वचेतून आत शिरतात. मादी नराच्या अंगावरील खोबणीत राहते. नराच्या सोबतीविना तिचे अंडाशय पक्व होत नाही. त्रास देतात ती मुख्यतः अंडी. ती मूत्राशयाच्या भिंतीत अडकली की तिथे सूज येते, लघवीतून रक्त जाते.

प्रौढ शिस्टोसोमातही प्लॅनेरियासारख्या मूलपेशी असल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. त्यामुळे औषध शोधणाऱ्यांपुढे कृमीला मारण्याखेरीज आणखी एक वाट उघडते: अंडी घडवणाऱ्या पेशीलाच रोखण्याची.