बोट सापडेल! – गाडीच्या भागांची नावं

फिंतास हे कुवेत शहराच्या दक्षिणेला, समुद्राकाठी आहे. समजा, तुम्ही तिथे राहता आणि साताऱ्याहून आजी आली आहे. गाडीत बसताना ती ओरडते, "अरे, हात काढ! बोट सापडेल!"

'सापडणे' म्हणजे हरवलेली वस्तू मिळणे, एवढंच माहीत असेल तर तुमचा हात तिथेच राहील. पण इथे 'सापडणे' म्हणजे दोन वस्तूंमध्ये अडकून चेंगरणे. म्हणून गाडीचे शब्द नीट शिकूया.

उघडणारे भाग

दार आपण 'लावतो'. "दार लागलं नाही" म्हणजे ते नीट बंद झालेलं नाही. खिडकीची काच 'खाली-वर' करतो. इंजिनावरचं झाकण म्हणजे बॉनेट. सामान ठेवायची मागची जागा म्हणजे डिकी.

अमेरिकन इंग्रजीत यांना हूड आणि ट्रंक म्हणतात. पण आजीला "ट्रंक उघडू का?" असं विचारलंत, तर ती म्हणेल, "कुठली ट्रंक?" कारण मराठीत ट्रंक म्हणजे कपडे ठेवायची पत्र्याची पेटी!

'डिकी' शब्द ब्रिटनमधून आला. पूर्वी तिथल्या काही मोटारींना मागे, बाहेरच्या बाजूला, उघडमीट करता येणारी एक जादा सीट असे. तिचं नाव डिकी. ती सीट गेली, पण शब्द भारतात राहिला. आता स्कूटरलासुद्धा डिकी असते.

न उघडणारे भाग

गाडीचं बाहेरचं अंग पत्र्याचं असतं. वरचा भाग म्हणजे टप, चाकावरचा मडगार्ड, आणि पुढे-मागे बंपर. धक्का लागून पत्रा आत गेला, की "पोचा आला" म्हणतात. नुसतं घासलं, तर "चरा पडला".

डावं की उजवं?

गाडीत पुढे तोंड करून बसा. तुमचा डावा हात असेल ती गाडीची डावी बाजू. कुवेतमध्ये स्टिअरिंग डावीकडे असतं, भारतात उजवीकडे. त्यामुळे "पुढे बसा" म्हटलं, की भारतातून आलेले आजोबा सवयीने डाव्या दाराकडे जातात. दार उघडतात, तर समोर स्टिअरिंग! त्यांना सांगा, "आजोबा, इकडे उजव्या बाजूला या."

आणि दार लावण्याआधी विचारा, "सगळ्यांचे हात आत आहेत ना?"